सूर विझतो कसा : गिटारीच्या उंची रिव्हर्ब-पेडलांची तुलना

सतारीला भोपळा आहे, व्हायोलिनला पोकळ पेटी आहे, साध्या गिटारीलाही पातळ लाकडाचे पोट आहे. विजेच्या गिटारीला मात्र बहुधा यांपैकी काहीच नसते. भरीव लाकडाच्या फळीवर ताणलेल्या पोलादी तारा, त्यांच्याखाली तांब्याच्या बारीक तारेचे असंख्य वेढे दिलेले चुंबक आणि त्या वेढ्यांतून निघणारा क्षीण विद्युत्प्रवाह, एवढ्याच सामग्रीवर ज्या वाद्याचा सूर उभा राहतो, त्या सुराला स्वतःची अशी पोकळी नसल्यामुळे ॲम्पच्या स्पीकरमधून बाहेर पडताना तो नेमका, टोकदार आणि कोरडा असतो. अनुरणन, म्हणजे मूळ ध्वनी थांबल्यावरही भिंती, छत आणि जमीन यांवरून परतून परतून विरत जाणारा त्याचा घुमारा, इतर वाद्यांच्या बाबतीत अलंकार म्हणता येईल. विजेच्या गिटारीची ती मूलभूत गरज आहे, आणि ती भागवण्यासाठी वादक, अभियंते आणि कारखानदार गेली साठ वर्षे झटत आले आहेत.

त्या खटपटीचे आजचे फळ म्हणजे पायाने दाबून चालू-बंद करता येणारी, दोन तळहातांवर मावेल एवढी धातूची पेटी. तिला वादक नुसते ‘रिव्हर्ब’ म्हणतात. साधे रिव्हर्ब-पेडल थोडक्या पैशांत मिळते. परंतु तीनशेपासून नऊशे डॉलरांपर्यंत किंमत असलेल्या उंची पेडलांचा एक स्वतंत्र वर्ग आहे, आणि त्यातले कोणते घ्यावे यावर गिटारवादकांत कधीही न संपणारा वाद आहे. हा वाद बहुधा तपशिलांच्या तक्त्यावरून चालतो: रिव्हर्बचे प्रकार किती, साठवता येणारे प्रीसेट, म्हणजे आधी जुळवून ठेवलेल्या मांडण्या, किती, अंकीकरण किती बिटांचे. हा ताळेबंद निरुपयोगी नाही. तथापि ज्या एका गोष्टीवरून या उपकरणांचे खरे मोल ठरावे, ती त्यात कोठेच उतरत नाही. सूर विझत असताना त्याचे नेमके काय होते, ही ती गोष्ट. प्रस्तुत लेखात याच एका कसोटीवर काही नामांकित पेडले पारखून पाहावीत असा हेतू आहे.

खोली, पत्रा आणि स्प्रिंग

अनुरणनाच्या शास्त्राचा आरंभ १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात झाला. तेथील फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचा आवाज इतका घुमे की एका शब्दाचा घुमारा ओसरण्यापूर्वीच पुढचा शब्द त्यावर येऊन पडे. ही अडचण दूर करण्याचे काम वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे सोपवण्यात आले. सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या मध्यरात्रीनंतर उचलून आणायच्या, त्या व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायची, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ मोजायचा आणि उजाडण्यापूर्वी सगळ्या गाद्या जागच्या जागी परत नेऊन ठेवायच्या, असा शिरस्ता ठेवून सॅबिनने शोधून काढले की अनुरणनाचा काळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि ध्वनी शोषून घेणाऱ्या पृष्ठभागाबरोबर घटतो. ध्वनीची पातळी साठ डेसिबेलने उतरण्यास लागणारा वेळ हेच आजही अनुरणनाचे प्रमाण माप आहे. पेडलवरचा ‘डिके’ नावाचा नॉब फिरवणारा वादक सॅबिनने घालून दिलेल्या त्याच मापाने आपली काल्पनिक खोली लहानमोठी करत असतो.

ध्वनिमुद्रकांनी प्रथम खऱ्या खोल्याच कामाला लावल्या. १९४७ साली शिकागोत बिल पटनम याने हार्मोनिकॅट्स या वाद्यवृंदाच्या मुद्रणासाठी स्टुडिओच्या स्नानगृहाचाच घुमारा वापरला, आणि ती तबकडी अमाप खपली. पण प्रत्येकाजवळ घुमणारी खोली कोठून असणार? १९५७ साली जर्मनीतील ईएमटी कंपनीने खोलीच्या जागी पोलादाचा सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड पत्रा एका चौकटीत ताणून बसवला. ‘ईएमटी १४०’ नावाचे हे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे असूनही जगभरच्या स्टुडिओंत मानाने नांदले, आणि ‘प्लेट’ हा आज प्रत्येक पेडलमध्ये आढळणारा प्रकार त्याचाच वारस आहे. वादकाच्या आवाक्यातला उपाय मात्र हॅमंड ऑर्गनमधल्या स्प्रिंगांनी पुरवला. फेंडरने १९६१ मध्ये स्प्रिंगांचा स्वतंत्र रिव्हर्ब-संच काढला आणि १९६३ च्या ‘व्हायब्रोव्हर्ब’ ॲम्पमध्ये त्या आतच बसवल्या. स्प्रिंगमधून निरनिराळ्या कंपनसंख्यांच्या लहरी निरनिराळ्या वेगांनी धावत असल्यामुळे तुटक वाजवलेल्या सुराला एक ओलसर ‘टपकणारा’ नाद येतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील सर्फ संगीताने तो आपलासा केला, आणि कानाला त्याची इतकी सवय झाली की खऱ्या खोलीत कधीही न उमटणारा हा नादच पुढे गिटारीचा नैसर्गिक घुमारा मानला गेला.

हेच काम संगणकाकडून करवून घेण्याचा मार्ग बेल प्रयोगशाळेतील मान्फ्रेड श्रोडर याने १९६१–६२ च्या सुमारास दाखवला. ध्वनीची प्रत काही क्षण रोखून धरावी, तिचा काही अंश पुन्हा मागे वळवून आत सोडावा, आणि असे अनेक विलंब एकमेकांत गुंफून प्रतिध्वनींचे घनदाट जाळे विणावे, हे त्या पद्धतीचे सूत्र. घुमारा खडबडीत न वाटता सलग वाटावा म्हणून सेकंदाला सुमारे हजार प्रतिध्वनी लागतात, असा त्याचा हिशेब होता. या विचाराला व्यापारी यंत्राचे रूप येण्यास १९७६ साल उजाडले. त्या वर्षी बॅरी ब्लेसर याच्या संशोधनातून ‘ईएमटी २५०’ निघाले, आणि १९७८ मध्ये डेव्हिड ग्रीझिंजर या भौतिकशास्त्रज्ञाच्या कामातून ‘लेक्सिकॉन २२४’ आले. १९८७ मध्ये बॉस कंपनीने ‘आरव्ही-२’ काढून अंकीय रिव्हर्ब वादकाच्या पायाशी आणले. आजच्या प्रत्येक उंची पेडलच्या अंगी या चारही घराण्यांचे, म्हणजे खोली, पत्रा, स्प्रिंग आणि संगणक यांचे, संस्कार कमीअधिक प्रमाणात आढळतात.

पारख कशी करावी

विझणारा सूर कृत्रिम रीतीने घडवणे अवघड का, हे समजून घेतल्याखेरीज पेडलांतली तफावत कानाला कळणार नाही. विलंबांची संख्या थोडी असेल आणि त्यांची लांबी बेताल निवडलेली असेल, तर काही विशिष्ट स्वर इतरांपेक्षा रेंगाळतात आणि घुमाऱ्याला पत्र्याच्या डब्यासारखा किणकिणाट येतो. तो लपवण्यासाठी विलंबांची लांबी सतत किंचित हलती ठेवतात. परंतु हे हलणे जरा अधिक झाले की घुमाऱ्यातला स्वर डळमळू लागतो, आणि सुरात लावलेली गिटार बेसूर भासते. किणकिणाट आणि डळमळ या दोन दोषांच्या मधल्या अरुंद वाटेवरून घुमाऱ्याला शेवटपर्यंत नेणे यातच या अभियंत्यांचे कसब आहे.

म्हणून पारखताना प्रथम तारांवर डावा हात आडवा ठेवून एकच बोथट, स्वरहीन आघात करावा. स्वर नसल्यामुळे घुमाऱ्याचा सांगाडा उघडा पडतो: पहिले प्रतिध्वनी सुटे ऐकू येतात की एकजीव, शेवटी एखादा स्वर चिकटून राहतो की सर्व काही समान मावळते, हे त्या एका आघातात कळते. मग एक मोकळी कॉर्ड छेडून हात काढून घ्यावा आणि आवाज पूर्ण शांत होईपर्यंत दुसरे काहीही वाजवू नये. दुकानात हे धैर्य फार थोडे दाखवतात. बहुतेक जण घाईने चार सुरावटी वाजवतात आणि नव्या सुरांखाली जुन्यांचा शेवट झाकून टाकतात. पुण्यातील एका सरावखोलीत एकच गिटार आणि डावा-उजवा असे दोन ॲम्प ठेवून यांतील काही पेडले याच रीतीने ऐकण्याचा योग आला. ज्यांचे ध्वनिमुद्रणही पूर्वी अनेकदा ऐकले होते, अशी पेडलेही या कसोटीवर वेगळीच भासली.

दोन प्रतिस्पर्धी

कॅलिफोर्नियातील स्ट्रायमन कंपनीचे ‘बिगस्काय’ २०१३ साली आले आणि थोड्याच काळात या वर्गाचे मानदंड बनले. त्यात रिव्हर्बचे बारा प्रकार आहेत, तीनशे प्रीसेट साठतात, आणि गिटारीचा मूळ सूर अंकीकरणाच्या फेऱ्यात न पाठवता सरळ बाहेर नेला जातो. डिके, प्री-डिले (घुमाऱ्यापूर्वीचा विराम), टोन, मिक्स (मूळ सुरातले घुमाऱ्याचे प्रमाण) ही नित्याची नियंत्रणे स्वतंत्र नॉबवर असल्याने पुस्तिका न उघडताही ते हाताळता येते. ‘क्लाउड’ या प्रकारात डिके बराच वाढवून ई मायनर कॉर्ड सोडली असता आघातानंतर घुमारा क्षणभर मागे थांबतो, नंतर सावकाश भरत जातो, आणि मावळतानाही त्यात कोठे सांधा सापडत नाही. खालचे सूर आधी दूर जातात, वरचे मऊ होऊन मागे राहतात, आणि आवाज नेमका कधी संपला हे सांगता येत नाही. विझण्याच्या सौंदर्यात बिगस्कायला तोड नाही. मात्र या सौंदर्याचा अंमल वादनावर चालू लागतो: साधी सुरावटही भव्य वाटते, आणि जेथे भव्यता नको असते तेथेही ती हटत नाही. त्याची ‘स्प्रिंग’ नेटकी आहे, पण जुन्या ॲम्पमधल्या स्प्रिंगचा उर्मट ओलेपणा तिच्यात कमी आहे. पुढे सुमारे एका दशकाने आलेल्या ‘बिगस्काय एमएक्स’मध्ये दोन रिव्हर्ब एकाच वेळी वापरण्याची सोय झाली आणि प्रत्यक्ष जागांच्या ध्वनिनोंदींवर आधारलेली रीतही जोडली गेली.

त्याच्यासमोर उभे राहते न्यू जर्सीतील इव्हेंटाइडचे ‘स्पेस’. ही कंपनी १९७१ साली स्थापन झाली, १९७५ मध्ये तिच्या ‘एच ९१०’ या सुराची उंची बदलणाऱ्या हार्मनायझरने स्टुडिओंत क्रांती घडवली, आणि स्टुडिओतल्या यंत्रांचा तो वारसा ‘स्पेस’मध्ये उघड दिसतो. येथेही बारा प्रकार आहेत. परंतु खोली आणि सभागृह यांपेक्षा अस्तित्वात नसलेल्या जागांकडे त्यांचा ओढा आहे. रिव्हर्बला ट्रेमोलोची, विलंबाची, विरूपणाची (डिस्टॉर्शनची) जोड देणारे प्रकार त्यात आहेत, आणि सर्वांत नामांकित आहे तो ‘ब्लॅकहोल’. नव्वदीच्या दशकातील ‘डीएसपी ४०००’ या स्टुडिओयंत्रात जन्मलेल्या या प्रकारात डिकेचा नॉब मध्यापासून एका बाजूला नेला तर घुमारा नेहमीप्रमाणे ओसरतो, दुसऱ्या बाजूला नेला तर तो उलट्या दिशेने उमलतो. मोकळ्या कॉर्डवर ऐकताना ब्लॅकहोलला भिंती आहेत असे वाटतच नाही. सूर कशावरही आदळून परत येत नाही, तो केवळ विस्तारत जातो. कल्पनाशक्तीच्या बाबतीत ‘स्पेस’ अद्यापही अग्रस्थानी आहे. मात्र हाताळणीत ते कष्टदायक आहे: प्रकार बदलला की अनेक नॉबचा अर्थ बदलतो, पडदा चिमुकला आहे, आणि पुस्तिका जवळ बाळगल्याशिवाय नवख्याचे चालत नाही.

या दोहोंतही आणि इतर बहुतेक पेडलांतही ‘शिमर’ नावाचा एक प्रकार असतो. ब्रायन ईनो आणि डॅनियल लान्वा यांनी ऐंशीच्या दशकात रूढ केलेल्या या रीतीत घुमाऱ्याचा काही भाग एक सप्तक वर नेऊन पुन्हा घुमाऱ्यात सोडतात, त्यामुळे सूर मावळण्याऐवजी वर चढत राहतो. अमेरिकेतील चर्चमधल्या प्रार्थनासंगीताने हा प्रकार इतका उचलून धरला की त्यायोगे या पेडलांचा खपही वाढला. हा परिणाम प्रथमश्रवणी मोहून टाकतो. परंतु पेडलची निवड कधीही त्यावरून करू नये. वर चढणाऱ्या सप्तकाच्या चकाकीत घुमाऱ्याचे सगळे दोष झाकले जातात.

तीन व्यवहारी पर्याय

मॅसॅच्युसेट्समधील सोर्स ऑडिओच्या ‘व्हेंट्रिस’मध्ये दोन स्वतंत्र प्रक्रियक आहेत. त्यामुळे दोन रिव्हर्ब एकापुढे एक, शेजारी शेजारी किंवा एक डाव्या आणि एक उजव्या ॲम्पला असे लावता येतात; आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे एका प्रीसेटवरून दुसऱ्यावर जाताना आधीचा घुमारा मध्येच तुटत नाही, तो आपला काळ पुरा करूनच मावळतो. मंचावर कडव्याकडून ध्रुवपदाकडे जाताना सूर कापला जाणे किती खटकते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या एका सोयीचे मोल सांगावे लागणार नाही. त्याची स्प्रिंग ऐकलेल्या सर्व पेडलांत सर्वांत खरी वाटली: तारा दाबून केलेल्या तुटक आघाताला ती खऱ्या स्प्रिंग-संचाप्रमाणे उसळून उत्तर देते.

कॅनडातील ओटावा येथील एम्प्रेस इफेक्ट्सचे ‘रिव्हर्ब’ पडद्याविना चालते. प्रत्येक प्रकारातील उपप्रकार दिव्याच्या रंगावरून ओळखायचे, आणि नवे प्रकार मेमरी कार्डावरून आत घ्यायचे, अशी त्याची व्यवस्था आहे. ज्या ध्वनींना कोणत्याच वर्गात जागा नव्हती, त्यांच्यासाठी निर्मात्यांनी ‘बिअर’ नावाचा एक स्वतंत्र प्रकारच ठेवला आहे. याचा घुमारा बिगस्कायइतका आलिशान नाही. तो मूळ सुराच्या मागे अदबीने उभा राहतो, आणि गर्दीच्या वाद्यमेळात हाच त्याचा मोठा गुण ठरतो. जपानी बॉसच्या ‘आरव्ही-५००’मध्ये (२०१७) ३२ बिटांचे परिवर्तक, २९७ प्रीसेट, रिव्हर्बबरोबर विलंबाची सोय आणि दोन रिव्हर्ब एकत्र वापरण्याची मुभा आहे; सोयींचा जमाखर्च मांडला तर खर्चलेल्या पैशांचा सर्वाधिक मोबदला तेच देते. त्याचा घुमारा स्वच्छ आणि निर्दोष आहे, मात्र त्यावर कोणा एका कारागिराच्या हाताचा ठसा जाणवत नाही.

थोडक्यात अधिक

प्रकारांच्या संख्येवरून निवाडा करणाऱ्यांना सर्वांत मोठे उत्तर लॉस एंजेलिसच्या मेरिस कंपनीने दिले. २०१७ मध्ये आलेल्या ‘मर्क्युरी ७’मध्ये प्रकार दोनच: ‘अल्ट्राप्लेट’ आणि ‘कॅथीड्रा’. ‘ब्लेड रनर’ (१९८२) या चित्रपटाला व्हँगेलिसने दिलेल्या संगीतातील घुमाऱ्यापासून निर्मात्यांनी प्रेरणा घेतली. बाजारात आले तेव्हा तीनशे डॉलरांच्या आत असलेल्या या पेडलमध्ये खालच्या आणि वरच्या सुरांचा विझण्याचा काळ वेगवेगळा ठरवता येतो, आणि त्यामुळे एकाच प्रकारातून असंख्य जागा घडवता येतात. याच कंपनीने मिनीॲपोलिसच्या चेस ब्लिस कंपनीबरोबर २०२० साली काढलेले ‘सीएक्सएम १९७८’ तर बाजारात आले तेव्हा ८९९ डॉलरांचे, म्हणजे ४७९ डॉलरांना आलेल्या बिगस्कायच्या जवळजवळ दुप्पट किमतीचे होते. आणि त्यात आहेत केवळ तीन प्रकार: खोली, प्लेट आणि सभागृह. नाव लेक्सिकॉन २२४ च्या जन्मवर्षाचे, आणि रूपही त्या यंत्राच्या नियंत्रणपेटीसारखे सरकपट्ट्यांचे. प्रीसेट बदलला की आतल्या मोटारींमुळे सहाही पट्ट्या आपोआप सरकून आपापल्या जागी जाऊन थांबतात. यंत्राच्या पोटात काय ठरले आहे ते वादकाला एका दृष्टिक्षेपात दिसते, आणि बोटाने लगेच बदलता येते. ज्याला पडद्यावरील याद्यांत शिरायचे नाही, त्याच्यासाठी याहून प्रामाणिक योजना अद्याप कोणी केलेली नाही.

खरेदीपूर्वी

आपल्याकडच्या वादकाला ही पेडले बाहेरूनच येतात, आणि परदेशातील किमतीवर जकात, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा चढून ती पुष्कळच महाग पडतात. म्हणून घाईने निर्णय घेणे परवडणारे नाही. ज्याच्याकडे एकच ॲम्प आहे, त्याला डाव्या-उजव्या बाजूंत पसरणाऱ्या घुमाऱ्यासाठी मोजलेल्या पैशांचा बराच भाग वाया जाईल. ज्याच्या ॲम्पमध्येच चांगली स्प्रिंग आहे, त्याने पेडलमध्ये स्प्रिंग शोधू नये, सभागृह शोधावे. विरूपण ॲम्पमधूनच घेणाऱ्याने रिव्हर्ब ॲम्पच्या पुढे न जोडता त्याच्या एफएक्स लूपमध्ये, म्हणजे विरूपणानंतरच्या जोडणीत, जोडावे, अन्यथा घुमाराच विरूपित होऊन सगळा गलका होतो. आणि मिक्सचा नॉब घरी एकट्याने वाजवताना जेथे योग्य वाटतो, त्याहून वाद्यमेळात बराच खाली आणावा.

आता निवाडा. घरी अथवा स्टुडिओत सावकाश संगीत रचणाऱ्याने बिगस्काय घ्यावे. न ऐकलेल्या ध्वनींचा ध्यास असेल, आणि शिकण्याचे कष्ट मान्य असतील, तर स्पेस. मंचावर नियमित वाजवणाऱ्याने व्हेंट्रिस निवडावे, कारण सुराचा शेवट न तोडण्याची हमी तेच सर्वांत चोख देते. पैसा जपून खर्च करायचा असेल तर आरव्ही-५०० मध्ये काही उणे नाही. पण एकच पेडल घेऊन ते वर्षानुवर्षे वापरायचे असे ज्याने ठरवले आहे, त्याला मी मर्क्युरी ७ सुचवीन. दोनच प्रकारांत रमताना वादक प्रीसेट बदलत बसत नाही. तो आपल्या सुराचा शेवट ऐकू लागतो, कोठे थांबावे हे त्याला उमगू लागते, आणि त्याचे वाजवणे हळूहळू विरळ व नेमके होते. तेव्हा वाचकांतील गिटारवादकांनी पेडल विकत घेण्यापूर्वी एकदा तरी एक कॉर्ड छेडावी, हात बाजूला करावा आणि ती पूर्ण विझेपर्यंत ऐकावी. जे पेडल त्या शेवटच्या क्षणापर्यंत कानाला धरून ठेवील, तेच आपले समजावे.